अश्मयुगातली कादंबरी वाचताना

लेखनकला जन्मण्यापूर्वीच्या, दगडाच्या हत्यारांवर आणि शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांची गोष्ट सांगणारी कादंबरी ती प्रागैतिहासिक कादंबरी. ऐतिहासिक कादंबरीवर वाढलेल्या मराठी वाचकाला ती सुरुवातीला जड जाते. ‘स्वामी’ किंवा ‘श्रीमान योगी’ हातात घेताना गोष्ट आधीच ठाऊक असते. बखरी, पत्रे, पोवाडे यांमुळे थोरले माधवराव आणि शिवाजी महाराज घरचेच झालेले असतात. अश्मयुगातून एकही पत्र आलेले नाही, एकाही माणसाचे नाव आलेले नाही. लेखकाच्या हाती दगड, हाडे, राखेचे थर आणि मातीत राहिलेले परागकण एवढेच असते. बाकी सगळे त्याला रचावे लागते. त्यामुळे या कादंबरीची खरी गोडी पुढे काय होते यापेक्षा दगडाने किती सांगितले आणि लेखकाने किती भरले, हा सांधा ओळखण्यात आहे. तो दिसू लागला की कंटाळवाणी वाटलेली वर्णनेही रंगतात. नाशिकच्या वाचकाला हा सांधा शोधायला लांब जावे लागत नाही, कारण यातला दगडाचा भाग त्याच्याच नदीत सापडलेला आहे.

गंगापूर रोडने शहराबाहेर पडले की सोमेश्वरचा धबधबा लागतो आणि त्यापुढे गंगापूर गाव. याच परिसरात, गंगावाडीच्या गोदाकाठावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. गोदावरीच्या हत्यारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात आदिमानव वावरला होता की नाही, हा प्रश्न निकालात निघाला. नदीने जुन्या काळी आणून टाकलेल्या गोट्यांचा थर पुढे चुन्याने सांधून दगडासारखा घट्ट झाला. हत्यारे अशा थरांत अडकलेली होती. त्यांत हातकुऱ्हाडी, फरश्या, तासण्या आणि छिलके होते. या घडणीची हत्यारे लाखो वर्षांपूर्वीची मानली जातात. पुढे नदी उतरत गेली की निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांचा संगम येतो. तिथल्या नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात एका नामशेष झालेल्या प्रचंड हत्तीचे जीवाश्म सापडले. विसाव्या शतकाच्या आरंभीच भूवैज्ञानिकांनी त्याची नोंद केली आहे. आज हिवाळ्यात ज्या पाणथळीवर नाशिककर दुर्बिणी घेऊन बदके पाहायला जातात, त्याच खोऱ्यात एके काळी तो हत्ती चरत होता. युरोपातल्या कादंबरीत मॅमथच्या शिकारीचा प्रसंग आला की हे एक चित्र मनाशी असावे. कादंबरीतला हिमाच्छादित माळ परका राहत नाही.

कादंबरी उघडण्यापूर्वी हत्यार म्हणजे काय हे डोळ्यांना कळलेले असले तर निम्मे काम होते. या कादंबऱ्यांत दगड घडवण्याची वर्णने पानेच्या पाने चालतात आणि अनेक वाचक ती चाळून पुढे जातात. खरे तर तिथेच लेखकाची सर्वाधिक मेहनत असते. गोटा हातात धरून त्याच्या कडेवर दुसऱ्या गोट्याने बेताने घाव घातला की एक चपटा तुकडा सुटतो. हा छिलका. मूळ गोट्यावर त्याची खोलगट खूण राहते. छिलक्याच्या आतल्या बाजूला, घाव बसला त्या टोकाशी, एक छोटा फुगीर उंचवटा असतो आणि तिथून पुढे अर्धगोल लाटा पसरलेल्या दिसतात. डोहात खडा पडल्यावर उमटाव्यात तशा. ऊनपावसाने तडकलेल्या दगडावर सहसा अशी खूण नसते. एका गोट्यावर ठरावीक अंतराने, दोन्ही अंगांनी अशा खोलगट खुणा असतील, कड वाकडीतिकडी पण धारदार असेल आणि मुठीत धरायचा भाग गुळगुळीत सोडलेला असेल, तर घडवणाऱ्याच्या मनात आकार आधीपासून होता हे उघड आहे. हातकुऱ्हाडीत नेमके हेच दिसते. बोलता येत होते की नाही, देव मानत होते की नाही, यांपैकी काहीही सिद्ध करता न येणाऱ्या माणसाच्या डोक्यात पुढची वीस घावांची योजना होती, हे तो दगड सांगतो. अश्मयुगातल्या माणसाला कादंबरीचा नायक करण्याचा अधिकार लेखकाला इथून मिळतो.

घरातला पाटा-वरवंटाही याच परंपरेतला. टाकी लावणारा दारावर आला की तो पाट्यावर बारीक खड्डे टोचतो, कारण गुळगुळीत दगडावर वाटण सरकते. दगड टोचून आणि घासून घडवण्याची ही रीत नवाश्मयुगात बहरली. छिलके काढून धार आणणे त्याहून कितीतरी जुने. कादंबरीत एखादे पात्र दगड ‘घासते’ आहे की ‘फोडते’ आहे, एवढे पाहिले तरी लेखकाने कुठल्या काळाची तयारी केली आहे याचा अंदाज येतो. स्वतः दगड फोडून पाहायचा असेल तर डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात कातडी हातमोजा हवाच. ताज्या छिलक्याची धार पात्यासारखी असते आणि कपच्या अनपेक्षित दिशेने उडतात.

गोदाकाठी ही हत्यारे मिळाली, मात्र ती घडवणाऱ्याचे हाड तिथे मिळालेले नाही. भारतातला आदिमानवाचा सर्वांत प्रसिद्ध जीवाश्म नर्मदेकाठचा. १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या हथनोरा इथे कवटीचा भाग सापडला. तो नेमका कोणत्या मानवजातीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. युरोपातल्या कादंबऱ्यांत वारंवार येणारा निअँडरथल मानव भारतात होता, याचा पुरावा हाडांतून मिळालेला नाही. वाचकाने हा फरक मनात स्पष्ट ठेवावा. अशा बहुतेक नामांकित कादंबऱ्या युरोपातल्या, बर्फाच्या काळातल्या आणि गुहांतल्या आहेत. गोदावरीच्या माणसाचे जगणे वेगळे होते. दख्खनच्या कातळात चुनखडीसारख्या खोल नैसर्गिक गुहा फारशा होत नाहीत. इथली माणसे बहुधा उघड्यावर, नदीच्या काठाने, पाणी आणि गोटे दोन्ही हाताशी असतील अशा जागी वस्ती करत. ‘गुहा’ म्हटल्यावर नाशिककराच्या डोळ्यांसमोर पांडवलेणी येतात, पण ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरलेली बौद्ध लेणी आहेत. आदिमानवाचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

आता पुस्तकाची निवड. थेट सहाशे पानांच्या इंग्रजी कादंबरीला हात घालण्याची घाई करू नये. राहुल सांकृत्यायन यांच्या ‘व्होल्गा ते गंगा’ या पुस्तकाचा मराठी अनुवाद सहज मिळतो. त्यातली पहिली कथा ‘निशा’ ही इसवी सनापूर्वी ६००० च्या सुमारास व्होल्गाकाठी राहणाऱ्या, आईच्या सत्तेखाली चालणाऱ्या टोळीची आहे. मूळ लेखन १९४०च्या दशकातले आणि मार्क्सवादी इतिहासदृष्टीने रचलेले; मातृसत्तेची त्यातली मांडणी आज जशीच्या तशी कुणी स्वीकारणार नाही. तरी एका बैठकीत वाचून होणारी ती कथा मराठी वाचकासाठी उत्तम उंबरठा आहे. तिच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ वाचावी. ती माणसांची कादंबरी नव्हे, वानरांच्या टोळ्यांची आहे. १९८३ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथे तिची शिफारस एका विशिष्ट कारणासाठी आहे. माणसांसारखी बोलणारी पात्रे नसताना भीती, वर्चस्व, आईपण आणि पराभव हालचालींतून कसे वाचायचे, याचा सराव ती देते. तो सराव झालेला वाचक अश्मयुगीन कादंबरीत अडखळत नाही.

यानंतर जीन आउल या अमेरिकी लेखिकेची ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’. ती १९८० साली आली. पुढे त्या मालिकेचे एकूण सहा भाग झाले आणि शेवटचा २०११ साली निघाला. काळ्या समुद्राच्या परिसरात भूकंपात आईबाप गमावलेली आयला नावाची पाच वर्षांची मुलगी निअँडरथल टोळीला सापडते. टोळीची वैदूबाई इझा तिला वाढवते. मुलगी त्यांच्यापेक्षा उंच, सरळ कपाळाची, त्यांच्या दृष्टीने कुरूप. हसते, रडते, बडबडते. टोळीचे लोक मुख्यतः हातवाऱ्यांनी बोलतात. बाईने शस्त्राला हात लावायचा नाही हा त्यांचा कडक नियम, आणि आयला चोरून गोफण शिकते. इथे मराठी वाचक सरस ठरतो. ज्वारीच्या मळ्यात माचाणावरून गोफण फिरवणारी राखण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गोफणीच्या दोरीचा ताण, सोडायचा क्षण आणि त्या क्षणी चुकणारा नेम समजावून सांगावा लागत नाही. आउल यांनी लेखनासाठी बर्फात राहण्याचे, कातडी कमावण्याचे आणि दगड घडवण्याचे धडे घेतले होते आणि ते पानापानांत जाणवते. मालिकेतला पहिला भाग सर्वांत बांधीव आहे. पुढच्या भागांत वर्णनांची पुनरावृत्ती वाढत जाते, म्हणून पहिल्यावर थांबले तरी चालेल.

अशा कादंबरीची पहिली पन्नास पाने संथ वाचावीत. नावे अनोळखी असतात, नाती लगेच उलगडत नाहीत. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टोळीची वंशावळ मांडत जावी: कोण कुणाची बहीण, चूल कुणाची, शिकारीत पुढे कोण. गुहेचा आराखडाही काढावा, कारण कोण कुठल्या चुलीपाशी बसते यावर अशा कादंबरीतले अर्धे मानापमान चालतात. आउल यांच्या पुस्तकात हिमयुगातल्या युरोपचा नकाशा दिलेला आहे. तो आधी पाहावा. प्रत्येक झाडाचे नाव शब्दकोशात शोधत बसू नये. वनस्पतीचा उपयोग कळला की पुरे, नाव निसटले तरी हरकत नाही.

वनस्पतींचा हा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण नाशिकच्या पश्चिमेकडच्या वाचकाला तो वाटू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या बाजारांत पावसाच्या तोंडावर शेवळे येतात. जमिनीतून कोंबासारखे वर येणारे, जांभळट तपकिरी. नुसते शिजवून खाल्ले तर घसा खवखवून सुजल्यासारखा होतो. म्हणून त्यात काकडे घालतात, काकड झाडाची आंबट हिरवी फळे, आणि मग ती भाजी सुखाने खाता येते. ही जोडी पहिल्यांदा कुणी लावली असेल? त्यासाठी कुणीतरी आधी घसा खाजवून घेतला असेल, कुणी आंबट फळ टाकून पाहिले असेल, कुणी ते लक्षात ठेवले असेल आणि मुलीला सांगितले असेल. कादंबरीतली इझा मुळ्या आणि साली ओळखून आयलाला शिकवते, तेव्हा नेमके हेच चाललेले असते. दगड टिकतो, शेवळाची भाजी टिकत नाही. अश्मयुगातल्या ज्ञानाचा बहुतेक भाग असाच नाहीसा झालेला आहे आणि तो परत रचण्याचा मार्ग कादंबरीकडेच उरतो.

या सगळ्या पुस्तकांत साहित्य म्हणून सर्वांत मोठे कोणते, याला उत्तर आहे: विल्यम गोल्डिंग यांची ‘द इनहेरिटर्स’, १९५५ सालची. गोल्डिंग यांना पुढे १९८३ साली नोबेल मिळाले. ही कादंबरी लहान आहे आणि फार अवघड आहे. अनेक वाचक ती मध्येच सोडून देतात, ते केवळ वाचायची रीत न कळल्यामुळे. यात निअँडरथल माणसांचा छोटा गट आहे. ‘लोक’ नावाचा पुरुष त्यांतला एक, साधा, हसरा. ही माणसे विचार करत नाहीत, त्यांना चित्रे दिसतात, आणि दोन चित्रे जोडून कारण शोधणे त्यांना जमत नाही. लेखक वाचकाला त्यांच्या डोळ्यांच्या मागे बसवतो आणि तिथून हलू देत नाही. एका प्रसंगात नदीपलीकडे झुडपात एक नवखा माणूस उभा आहे. तो लोककडे एक काठी धरतो. काठी दोन्ही टोकांनी आखूड होते आणि पुन्हा लांब होते. त्याच क्षणी लोकच्या कानाजवळच्या झाडातून आवाज येतो. लोक वळून पाहतो तर झाडाला एक नवी फांदी फुटलेली आहे आणि तिला पक्ष्याच्या पिसांचा वास आहे. लोकला वाटते, पलीकडचा माणूस आपल्याला काहीतरी देतो आहे.

धनुष्य आणि बाण हे शब्द तिथे कुठेच नाहीत. वाचकाला ते स्वतः ओळखावे लागते, आणि ओळखले की अंगावर काटा येतो, कारण लोकला ते अजूनही कळलेले नाही. या कादंबरीसाठी नियम एकच: न समजलेले वाक्य पुन्हा वाचावे आणि ‘हे डोळ्यांना काय दिसले असेल’ असे स्वतःला विचारावे. सारांश आधी वाचून ठेवू नये. तो वाचला तर कादंबरीतला हा शोध संपला. शेवटाकडे कथेचा डोळा बदलतो आणि तोपर्यंत जे आपले वाटत होते ते लांबून दिसू लागते. तो बदल येईपर्यंत धीर धरावा. हे एक पुस्तक नीट वाचून झाले की बाकीच्या अश्मयुगीन कादंबऱ्या सोप्या होतात.

कादंबरीतले विज्ञान जुने होते, हे वाचकाने गृहीतच धरावे. त्याने पुस्तक बाद होत नाही. उलट कोणत्या वर्षी काय ठाऊक होते, हे पाहण्यात वेगळी मजा आहे. १९०८ साली फ्रान्समध्ये सापडलेल्या एका वृद्ध निअँडरथलाच्या सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी त्याला वाकलेला, रानटी प्राणी ठरवले. तो म्हातारा संधिवाताने वाकला होता, हे १९५७ साली दाखवले गेले. गोल्डिंग यांनी त्याच्या दोन वर्षे आधीच, जवळपास सगळे जग निअँडरथलाला हिंस्र समजत असताना, त्याला निष्पाप रंगवले. आउल यांच्या कादंबरीतला मांत्रिक क्रेब एका डोळ्याने अंध आणि एका हाताने अधू आहे. इराकमधल्या शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना मिळालेल्या एका निअँडरथल पुरुषावर तो बेतलेला आहे. तो माणूस अशा दुखापतींनंतरही बरीच वर्षे जगला होता, म्हणजे टोळीने त्याला सांभाळले होते. या एका सांगाड्यातून कादंबरीतले सर्वांत हृद्य पात्र उभे राहिले. मात्र आउल यांचे निअँडरथल जवळपास मुके आहेत. १९८३ साली इस्राएलमधल्या केबारा गुहेत निअँडरथलाच्या घशातले नाजूक हाड मिळाले आणि ते आजच्या माणसाच्या हाडासारखेच निघाले. तेव्हापासून त्यांना बोलता येत असावे, हे मत बळावत गेले आहे.

फिनलंडचे जीवाश्मशास्त्रज्ञ ब्यर्न कुर्तेन यांची ‘डान्स ऑफ द टायगर’ ही कादंबरी मूळ स्वीडिश भाषेत १९७८ साली आली. निअँडरथल आणि आधुनिक माणूस यांच्या मिश्र संततीला पुढे मुले होत नसत, म्हणून निअँडरथल संपले, असा तर्क कुर्तेन यांनी तिच्यात गुंफला. २०१० साली स्वांते पॅबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलाचा जनुकसंच वाचला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा साधारण एक ते चार टक्के अंश आजही आहे, हे दाखवले. पॅबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले. म्हणजे मिश्र मुले जगली आणि त्यांना मुले झाली. कुर्तेन यांचा तर्क चुकला आणि १९८० साली आयलाच्या पोटी मिश्र वंशाचा मुलगा रंगवणाऱ्या आउल यांचा अंदाज खरा ठरला. तो अंश नाशिककरातही आहे. अशी पुस्तके वाचताना प्रकाशनाचे वर्ष पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे. लेखकाने शेवटी टिपण दिले असेल तर ते कादंबरी संपल्यावरच वाचावे, आधी नाही.

हवामानाबाबत मात्र वाचकाने कादंबरीतले दृश्य नाशिकवर चढवू नये. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी युरोपचा उत्तर भाग बर्फाखाली होता तेव्हा इथे बर्फ नव्हते. पाऊस कमी होता आणि प्रदेश कोरडा होता. त्याचा फार सुंदर पुरावा नाशिकच्या शेजारी आहे. रेल्वेने मनमाड, नांदगाव ओलांडले की चाळीसगाव येते. त्या तालुक्यातल्या पाटणे इथे १९७०च्या दशकात शां. अ. साळी यांनी उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, त्या कवचाचे मणी मिळाले आणि एका तुकड्यावर जाळीदार रेघांची नक्षी कोरलेली मिळाली. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे. आज भारतात रानटी शहामृग नाही. खानदेशाच्या सीमेवर शहामृग धावत होते आणि कुणीतरी निगुतीने त्यांच्या अंड्याच्या कवचाला भोक पाडून मणी ओवत होते, ही एक गोष्ट कादंबरीएवढीच मोठी आहे. मराठीत या माणसांवर कादंबरी लिहायची ठरवली तर ती इथून सुरू व्हावी.

वाचनात एक चूक हटकून होते आणि ती टाळलीच पाहिजे. कादंबरीतल्या टोळीला पाहून वारली, कोकणा, महादेव कोळी किंवा कातकरी माणसांची आठवण काढणे आणि ‘हे लोक अजून तसेच’ असे म्हणणे. ते तसेच नाहीत. आजचा आदिवासी हा आजचा माणूस आहे. त्याच्या मागेही तेवढाच इतिहास आहे जेवढा सराफ बाजारातल्या दुकानदाराच्या मागे. रानातले ज्ञान त्याच्याकडून शिकावे, पण त्याला अश्मयुगाचा नमुना समजू नये.

वयाचाही विचार करावा. आउल यांच्या पहिल्याच भागात आयलावर बलात्काराचा प्रसंग आहे आणि पुढच्या भागांत शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत. ही पुस्तके शाळकरी मुलांच्या हाती देऊ नयेत. मुलांसाठी भीमबेटकाच्या शैलचित्रांपासून सुरुवात करावी. ही चित्रे १९५७ साली उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर मध्य प्रदेशातल्या मराठी घरातले होते. कोकणातली कातळशिल्पेही दाखवावीत. त्यांचे वय निश्चित नसले तरी कातळावर कोरलेला हत्ती पाहून मूल स्वतःच गोष्ट रचू लागते.

मोठ्यांनी कादंबरीसोबत मराठीतले एखादे ज्ञानपर पुस्तक उघडे ठेवावे. नंदा खरे यांचे ‘कहाणी मानवप्राण्याची’ मानवाच्या उत्क्रांतीसाठी, तर म. के. ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ आपल्या मातीसाठी. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांनीही सांकळियांबरोबर गुजरातेतल्या लांघणज इथे सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या माणसांच्या सांगाड्यांवर काम केले होते. महाभारतातली माणसे हाडामांसाची करून दाखवणारी लेखणी खरोखरच्या हाडांशी परिचित होती, हे ठाऊक असले की त्यांचे लेखनही नव्याने वाचावेसे वाटते. चित्रपटाची आवड असलेल्यांनी झाँ-झाक आनो यांचा १९८१ सालचा ‘क्वेस्ट फॉर फायर’ पाहावा. तो जे. एच. रोनी यांच्या १९११ सालच्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेला आहे. त्यातल्या टोळ्यांच्या भाषा अँथनी बर्जेस यांनी रचल्या आणि हावभाव डेस्मंड मॉरिस यांनी.

एकट्याने अडखळणाऱ्यांनी गट करावा. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या शहरात पाच-सहा वाचक जमणे अवघड नाही, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने नाशिकच्या सोसायट्यांना पेटीतून पुस्तके एकत्र वाचण्याची सवय लावलेली आहे. गटात प्रत्येकाने एक विषय धरावा: एकाने हत्यारे, एकाने अन्न, एकाने नाती, एकाने आग. प्रकरण संपले की आपल्या विषयात दगडाने सांगितलेले किती आणि लेखकाने भरलेले किती, एवढेच बोलावे. पाऊस संपून पाणी उतरले की सगळ्यांनी मिळून सोमेश्वरला जावे, कातळाचे थर आणि नदीने गोल केलेले गोटे पाहावेत. पुण्याला जाणे झाले तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात हातकुऱ्हाडी पाहाव्यात. चित्रात त्यांचा आकार कळतो. त्यांचा ठोसरपणा आणि नेटकेपणा एकत्र पाहायला समोर उभे राहावे लागते.

नदीकाठी एखादा घडवलेला दगड दिसलाच तर तो उचलून घरी आणू नये. हत्यार कोणत्या थरात, कोणत्या गोट्यांच्या सोबतीने पडले आहे, यावरून त्याचे वय ठरते. खिशात घातलेला दगड त्या क्षणी मुका होतो. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. शेजारी नाणे किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, दगड होता तसाच राहू द्यावा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला कळवावे.